रकान्यात ‘पारंपरिक’: एका अंगाईचं प्रकरण

या प्रकरणातल्या जवळजवळ सगळ्यांची नावं मी गाळली आहेत. गाणं टेपवर घेणारा अभ्यासक, ते आपल्या गाण्यात वापरणारी संगीतकारांची जोडी, पुढे तीच चाल वाजवणारा सॅक्सोफोनवादक, तबकड्या काढणाऱ्या कंपन्या, हे सगळे इथे आपापल्या कामाने ओळखले जातील. त्यांची नावं छापून यायची तेवढी आली आहेत. एकच नाव ठेवलं आहे, ते गाणाऱ्या बाईचं.

पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला, प्रशांत महासागरात, सॉलोमन बेटं आहेत. त्यातल्या मलैता बेटाच्या उत्तर भागात बाएगू भाषा बोलणारे लोक राहतात. १९७० साली तिथे अजून ब्रिटिशांचा अंमल होता, स्वातंत्र्य १९७८ मध्ये आलं. पॅरिसमधल्या एका संशोधन संस्थेत काम करणारा अभ्यासक त्या सुमारास टेपरेकॉर्डर घेऊन या भागात फिरत होता. अफुनाक्वा नावाच्या बाईने त्याला एक अंगाई गाऊन दिली. तिचं नाव ‘रोरोग्वेला’. साथ नाही, ठेका नाही, फक्त आवाज.

अंगाई म्हटलं की आपल्याला पाळणा, चांदोबा, चिऊकाऊ आठवतात. या अंगाईत मोठं भावंड धाकट्याची समजूत काढतं आहे. रडू नको, रडलास तरी तुला उचलून घ्यायला आता कोण आहे, आपण दोघंही पोरके झालो. आईबाप मेलेल्यांच्या बेटावर गेले, पण तिथून त्यांचं आपल्यावर लक्ष आहे. गाण्याचा हा अर्थ आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे याच आवाजाला नाचायचा ठेका लागला.

हे ध्वनिमुद्रण १९७३ साली युनेस्कोच्या पारंपरिक संगीताच्या मालिकेत एलपीवर, म्हणजे मोठ्या तबकडीवर, निघालं. ही मालिका १९६१ साली आलँ दानिएलू यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तेच दानिएलू, ज्यांनी बनारसला बरीच वर्षं काढली आणि वीणा शिकून घेतली. मालिकेवर नाव युनेस्कोचं, तबकड्या मात्र वेगवेगळ्या खासगी कंपन्यांनी काढल्या. एक कंपनी थांबली की दुसरीने पुढचं हाती घ्यायचं, असं २००३ पर्यंत चाललं.

लोकसंगीताला वाहिलेल्या कंपन्यांचा धंदा कसा चालतो हे ठाऊक नसेल, तर पुढची गोष्ट नीट कळणार नाही. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे ग्रंथालयं, विद्यापीठं, आकाशवाणीसारखी केंद्रं आणि थोडे वेडे श्रोते. न्यूयॉर्कमध्ये १९४८ साली मोझेस ॲश यांनी फोकवेज ही अशीच एक कंपनी काढली. खप असो-नसो, एकही तबकडी यादीतून काढायची नाही हा त्यांचा हट्ट. १९८७ मध्ये हा संग्रह अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या संस्थेकडे गेला तोही याच अटीवर, की सगळ्या २,१६८ तबकड्या कायम मिळत राहिल्या पाहिजेत. अशा धंद्यात पैशांवरून भांडण होईल असं कुणाच्या मनातही येत नाही, कारण भांडावं एवढा पैसाच नसतो. गाणाऱ्याशी करार करायचा तर कशाचा करायचा? त्या काळी बहुतेकांनी केलाच नाही.

त्याऐवजी ही मंडळी एक काम फार मनापासून करत. तबकडीबरोबर टिपणांची पुस्तिका देत. कोण गातं आहे, कुठल्या गावचं, कोणत्या प्रसंगी, शब्दांचा अर्थ काय. ही पुस्तिका म्हणजे त्या आवाजाचा सातबारा. अफुनाक्वाचं नाव जगाला ठाऊक आहे ते अशाच टिपणांमुळे.

अडचण कशी उभी राहिली

१९९० साली हीच एलपी सीडीवर आली. जुनी तबकडी नव्या रूपात निघाली, एवढंच त्यात कुणालाही दिसलं असणार. मला मात्र या प्रकरणातला पहिला निर्णय इथेच झालेला दिसतो, आणि तो निर्णय आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. एलपीवरून आवाज उचलायचा तर त्याच्याबरोबर खरखर येते. सीडीवरचा आवाज स्वच्छ. तो सॅम्पलर नावाच्या यंत्रात भरायचा, हवा तेवढा तुकडा कापायचा, खालीवर करायचा, पुन्हापुन्हा वाजवायचा. साथीशिवाय गायलेली एकटी बाई म्हणजे अशा कामाला आयतं सोनं. वाद्यं वेगळी काढत बसायला नको. वस्तू तीच राहिली, पण तिचा वापर बदलला, आणि परवानग्यांचा विचार मात्र १९७३ मध्ये जिथे थांबला होता तिथेच राहिला.

१९९२ मध्ये फ्रान्समधल्या दोघा संगीतकारांनी एक अल्बम काढला. त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात अफुनाक्वाचा आवाज आहे. तिच्या खाली कीबोर्ड आणि यंत्रातला ठेका, मागे मध्य आफ्रिकेतल्या, पिग्मी म्हणवल्या जाणाऱ्या जंगलवासी लोकांचे आवाज. अल्बम जगभर लाखोंनी खपला, ग्रॅमीसाठी नामांकन मिळालं, गाणं सौंदर्यप्रसाधनांपासून मोटारींपर्यंतच्या जाहिरातींत वाजलं. नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी केबल होती त्यांनी त्याचा व्हिडिओही पाहिला असेल: तीनचाकी सायकलवर बसून एक लहान मुलगी जगभर फिरते. (दिग्दर्शक मूळचा पंजाबचा.)

अल्बमची सगळी मांडणी आफ्रिकेच्या वर्षावनाभोवती होती. वेष्टनावर आफ्रिकी पूर्वजांच्या शहाणपणाचा गौरव होता आणि उत्पन्नातला काही भाग पिग्मींसाठीच्या निधीला जाईल असं लिहिलं होतं. युनेस्कोचे आभार होते, संशोधकांचे आभार होते. गाणारीचं नाव नव्हतं. आणि ती आफ्रिकेची नव्हतीच. मध्य आफ्रिकेपासून मलैतापर्यंत जायचं तर अख्खा हिंदी महासागर ओलांडून वर प्रशांतातही शिरावं लागतं.

ऐकणाऱ्यांनी साहजिकच ही पिग्मींची अंगाई समजली. १९९६ मध्ये नॉर्वेच्या एका नामवंत सॅक्सोफोनवादकाने हीच चाल आपल्या तबकडीत वाजवली. नाव दिलं पिग्मींच्या अंगाईचं, श्रेय लिहिलं ‘आफ्रिकेची पारंपरिक चाल’. त्याने तिचा आवाज वापरला नाही, चाल स्वतः वाजवली. म्हणजे आधी आवाजापासून नाव सुटलं, मग गाव सुटलं, आणि शेवटी चालीपासून आवाजही सुटला. यात कुणी एकाने बसून खोटं रचलेलं नाही. प्रत्येकाने आधीच्याचं वेष्टन वाचलं आणि त्यावर विश्वास ठेवला.

फोनवरचा होकार

परवानगी मागितली गेली होती का? हो. आणि ती कशी मागितली, कुणाकडे मागितली, हा प्रकरणाचा गाभा आहे.

अभ्यासकाने नंतर लिहिलेल्या हकिगतीनुसार, युनेस्कोच्या कार्यालयातून त्याला फोन आला. त्याने नकार दिला. मग एका ज्येष्ठ आफ्रिकी संगीतकाराचा फोन आला. त्याच्याविषयी अभ्यासकाला आदर होता. जंगल वाचवण्याच्या कामासाठी तबकडी निघते आहे असं ऐकल्यावर तो विरघळला आणि तोंडी हो म्हणाला. कागदावर काही आलं नाही. हाती जे आलं ते पाहून त्याचं म्हणणं पडलं, की मी याला हो म्हटलं नव्हतं. संगीतकार जोडीचं म्हणणं, की आम्ही युनेस्कोमार्फत रीतसर गेलो, चांगल्या हेतूने गेलो, चोरी केली नाही.

दोघांचंही खरं असू शकतं, आणि तोंडी परवानगीची गोम हीच आहे. एकाने कशाला हो म्हटलं आणि दुसऱ्याने काय ऐकलं, हे दोन वेगवेगळ्या कानांत राहतं.

त्या फोनवर अभ्यासकापुढे तीन वाटा होत्या असं मला दिसतं. पहिली, नकारावर ठाम राहणं. ही सोपी होती आणि त्याने आधी तीच धरली होती. दुसरी, लेखी होकार देणं: अमुक तबकडीवरचं अमुक गाणं, अमुक कामासाठी, आणि गाणारीचं नाव व गाव छापायचं या अटीवर. अर्ध्या पानात मावलं असतं. हे लिहायला बसलं असतं, तर आफ्रिकेच्या जंगलाविषयीच्या तबकडीत मलैताची अंगाई कशाला, हा प्रश्न तिथल्या तिथे निघाला असता. तिसरी वाट म्हणजे, ‘तिला विचारून सांगतो’ एवढंच म्हणणं. मुद्रणाला वीस वर्षं उलटली होती, ती मलैताच्या एका गावात आणि हा पॅरिसला. उत्तर यायला महिने लागले असते, कदाचित आलंही नसतं. पण त्या एका वाक्याने परवानगी कुणाची हे तरी ठरलं असतं. फोन करणाऱ्यांनी धरून चाललं, की परवानगी अभ्यासक देऊ शकतो. अभ्यासकानेही ते धरून चाललं. माझ्या मते चूक इथे झाली, आणि ती चांगल्या माणसाकडून झाली.

कायदा कुणाच्या बाजूने होता

कोर्टात जायचं तर फिर्यादी कोण? अंगाई कुणी एकाने रचलेली नाही, तेव्हा कवी म्हणून कुणी उभा राहू शकत नाही. मुद्रणाचे हक्क तबकडी काढणाऱ्यांकडे. उरली गाणारी. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना आंतरराष्ट्रीय संरक्षण देणारा १९६१ चा रोम करार होता, पण त्यात कलाकार म्हणजे साहित्यकृती किंवा कलाकृती सादर करणारा. लोकगीत ही ‘कृती’ आहे का, यावरच घोडं अडायचं. १९९६ च्या डिसेंबरमध्ये जिनिव्हात नवा करार झाला, तेव्हा कलाकाराच्या व्याख्येत लोककलेचं सादरीकरण शब्द घालून आणलं गेलं. म्हणजे ज्या वर्षी या प्रकरणावरून जाहीर वाद पेटला, त्याच वर्षाच्या शेवटी ही खिडकी उघडली.

आपल्याकडची गोष्ट इथे सांगायला हवी. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन कलाकाराची व्याख्या आली. तिच्यात नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहेत. गारुड्याने कोणती साहित्यकृती सादर केली हे कुणी विचारत नाही. म्हणून आपल्या कायद्याने जात्यावर ओवी म्हणणारी बाई निर्विवाद कलाकार ठरते. हक्काची मुदत आज ५० वर्षं आहे. १९९६ मध्ये कुणी आजीची ओवी टेपवर घेतली असेल, तर त्या गाण्यावरचा तिचा हक्क २०४६ अखेरपर्यंत चालतो. ओवी पारंपरिक असली तरी. हे गावोगाव फोनवर रेकॉर्डिंग करणाऱ्या आपल्या उत्साही मंडळींपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

अफुनाक्वाला मात्र यातलं काही लागू नव्हतं.

काय केलं गेलं

अभ्यासकाने लेखणी उचलली. १९९६ मध्ये पारंपरिक संगीताच्या अभ्यासकांच्या एका आंतरराष्ट्रीय वार्षिकात त्याने सगळी हकिगत लिहिली, स्वतःच्या फोनवरच्या होकारासकट. संपादकांनी संगीतकार जोडीचं उत्तरही छापलं. २००० साली एका अमेरिकन अभ्यासकाने दोन्ही बाजू, जाहिराती आणि सॅक्सोफोनची तबकडी असा सगळा माग काढून मोठा निबंध लिहिला. तेव्हापासून हे प्रकरण संगीत आणि हक्क शिकवणाऱ्या वर्गांत नेहमीचं झालं.

जाहीर लिहिण्याच्या या वाटेचं मोल मी कमी लेखणार नाही. खटला चालला असता तर बहुधा कंपन्यांची आपसात तडजोड झाली असती, आणि तडजोडीचे कागद कपाटात गेले असते. लेख कुणालाही वाचता येतो. पण तो इंग्रजीत, ग्रंथालयात ठेवायच्या वार्षिकात आला. गाणं टीव्हीवर होतं. पोहोच कुणाची जास्त, हे सांगायला नको.

निष्पत्ती

गाणं थांबलं नाही. २००६ मध्ये एका अमेरिकन तरुणाचा व्हिडिओ इंटरनेटवर तुफान पसरला. वेगवेगळ्या देशांत उभं राहून तो एकच वेडावाकडा नाच करतो, आणि मागे तेच गाणं. आवाज कुणाचा हे कळल्यावर तो तिच्या शोधात सॉलोमन बेटांवर गेला. तोवर ती वारली होती.

त्याच तरुणाच्या २००८ च्या व्हिडिओत दुसरं संगीत आहे. शब्द रवींद्रनाथांचे, बंगालीत गायलेले. तिथे कवी कोण हे शोधायला कुणाला बोटीने जावं लागलं नाही.

युनेस्कोची मालिका आता स्मिथसोनियन फोकवेजकडे आहे, आणि मूळ मुद्रण टिपणांसह मिळतं. म्हणजे सातबारा शाबूत आहे, फक्त तो मूळ कपाटात आहे आणि पीक भलतीकडेच निघालं.

वेगळं काय करता आलं असतं

श्रेयाच्या रकान्यात ‘पारंपरिक’ हा शब्द लिहिला की जमीन गायरान होते. कुणीही यावं, चरून जावं. शब्द खोटा नाही, अपुरा आहे. रचना परंपरेची असेल, पण त्या दिवशी, त्या टेपवर गाणारा गळा एकाच बाईचा होता. गायक आणि रचनाकार हे दोन रकाने वेगळे ठेवले, आणि दुसऱ्यात ‘पारंपरिक’ लिहून पहिला कधीही रिकामा सोडला नाही, तर या प्रकरणातली निम्मी गुंतागुंत टळते. आज घरबसल्या गाणी चढवणाऱ्या प्रत्येकापुढे हेच दोन रकाने येतात.

पुण्यात हेमा राइरकर आणि गी पॉइटविन यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावं. २०१७ पासून त्या ‘परी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहात येत आहेत. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव येतं, कित्येकदा तिचा फोटो आणि तिची हकिगतही. ओवी कुणाची म्हणाल तर सगळ्यांची, पण ही म्हणणारी कोण हे विचारायची सोय आहे. मलैताच्या प्रकरणात हाच धागा तुटला होता.

धागा तुटतो कुठे? बहुतेक वेळा नक्कल करताना. पुस्तिका कागदाची, आवाज वेगळा. आवाजाची नक्कल निघते, पुस्तिकेची नाही. संग्रहालयं आता जी वेव्ह फाईल वापरतात तिच्यात नाव-गाव-तारीख आवाजाबरोबर आतच लिहिता येतं. पण तिची एमपी३ करून व्हॉट्सॲपवर टाकली की ते बहुधा गळून पडतं. म्हणून मी तरी सांगेन, की मुद्रणाच्या सुरुवातीला गाणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने नाव आणि गाव सांगावं आणि ते टेपवर राहू द्यावं. उद्या कुणी तो तुकडा कापलाच, तर निदान हाताने कापावा लागेल.

परवानगीचा कागद गाणाऱ्याच्या भाषेत असावा आणि त्यातले प्रश्न सुटे असावेत. अभ्यासकांनी ऐकलं तर चालेल का, विकलं तर चालेल का, दुसऱ्या गाण्यात मिसळलं तर, जाहिरातीत वाजलं तर. ‘इतर सर्व उपयोग’ असं वाक्य आलं की खोडावं. आपल्या कायद्यात हक्क लिहून देताना मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. छोट्या कंपन्यांना ही तरतूद जाचक वाटते. मला ती उपकारक वाटते, कारण पाच वर्षांनी कुणाला तरी पुन्हा त्या दारात जावं लागतं.

राहिला नावाचा प्रश्न. नाव छापणं म्हणजे न्याय, असं मी वर बेधडक लिहून गेलो आहे, पण ते नेहमी खरं नसतं. पहाटे जात्यावर बसलेली बाई सासुरवासाविषयी जे म्हणते, ते दोघीतिघींच्या कानापुरतं असतं. ती ओवी नाव-गावासह नातवाच्या फोनवर वाजली तर तिला चालेल का, हे तिलाच विचारायला हवं. काहीजणी हो म्हणतील, काहीजणी म्हणतील गाणं ठेवा, नाव नको. तो कागदावरचा आणखी एक सुटा प्रश्न.

या लेखात मी सगळ्यांची नावं गाळून अफुनाक्वाचं तेवढं ठेवलं. तेही तिला विचारून नव्हे.